अप्पांचा अंत्यविधी (अंदाजे)

“आपण कुठे होतात?” बायकोने दारातच विचारलं.

एरवी ती नवऱ्याला ‘तू’ म्हणायची. ‘आपण’ आलं की घरातलं हवामान बिघडलं असं समजायचं. त्या दिवशी ती वडिलांची फाइल मांडीवर घेऊन हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अख्खी दुपार एकटी बसून आली होती. मोठ्या डॉक्टरांनी तीनची वेळ दिली होती. नवऱ्याने यायचं कबूल केलं होतं, वर ‘कॅलेंडरमध्ये टाकलंय’ असं छातीठोकपणे सांगितलंही होतं.

“टाकलं होतं गं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं. पण मी तेव्हा गोदामात होतो आणि फोनमध्ये ते आलंच नाही.”

“का नाही आलं?”

“त्या दोघांचं आपसात बोलणं नाही.”

“म्हणजे आपल्यासारखंच,” असं म्हणून ती आत गेली. मग ओट्याकडे तोंड करून, पाठमोरीच, तिने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आठवडा, फार तर दोन आठवडे.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा शिक्षक होते आणि शाळेचं वेळापत्रक करायचं काम कायम त्यांच्याकडे असे. एका तासाला एका मास्तरला दोन वर्ग, असला प्रकार त्यांच्या हयातीत कधी घडला नाही. ‘हयातीत’ हा शब्द इथे जरा घाईने आला, कारण अप्पा अजून हयात होते, आणि या गोष्टीत सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमचे जावईबापू त्यातल्या त्यात निरुपद्रवी ग्रह. कोणाच्या वाईटावर नसत, पण वेळेवर कधी उगवतही नसत. खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात ते खरेदीचं काम पाहत, आणि खुर्चीच्या गाद्या वेळेवर याव्यात म्हणून त्यांचा जीव जेवढा खालीवर होई तेवढा माणसांसाठी होत नसे, असं बायकोचं मत होतं. ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्या रात्री त्यांना खरोखरच वाईट वाटलं. एक वेळ चुकली ती चुकली, पुढची, शेवटची वेळ चुकवायची नाही, बायकोला त्या व्हरांड्यात पुन्हा एकटं बसू द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या आयटीवाल्याला गाठलं. त्याच्याकडे लोक फक्त अडचणीत जात, त्यामुळे त्याचा चेहरा कायम दुखवट्याला आलेल्या माणसासारखा पडलेला असे.

“सगळं एकत्र करून टाकतो,” आयटीवाला म्हणाला. “मेल, कॅलेंडर, सगळं. इथं लिहिलं की तिथं वाजेल.”

“तिथं म्हणजे फोनवर?”

“तुमच्या खात्याला जे जे जोडलंय तिथं.”

या ‘जे जे’कडे जावईबापूंनी लक्ष द्यायला हवं होतं. कारण खात्याला आणखी एक वस्तू जोडलेली होती. घरातला जुना टॅब. तो बायकोने बुद्धिबळ खेळायला म्हणून वडिलांना नेऊन दिला होता आणि आता तो हॉस्पिटलात अप्पांच्या उशाशी होता.

राहिला रजेचा प्रश्न. कारखान्यात वर्षाची माल-मोजणी तोंडावर आली होती आणि विभागाच्या मॅडम त्या काळात रजेचं नाव काढू देत नसत.

“रजा हवी तर ती आधी कॅलेंडरमध्ये दिसली पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “आयत्या वेळची रजा मी मान्य करत नाही.”

“पण मॅडम, मरण काय सांगून येतं का?”

“गाद्या येतात का सांगून? तरी आपण तारीख धरतोच ना? तसंच अंदाजे धरा. मागंपुढं झालं तर बघू.”

जावईबापू जागेवर आले. दोन वेळा पाणी प्यायले. मग बुधवारच्या चौकोनात त्यांनी टाइप केलं, ‘अप्पा – अंत्यविधी’. ते वाचून त्यांचं त्यांनाच कसंसं झालं, म्हणून कंसात ‘अंदाजे’ लिहिलं. तेवढ्याने जरा बरं वाटलं. कॉम्प्युटरने वेळ विचारली, त्यांनी ‘दिवसभर’ निवडलं. ठिकाण विचारलं, ते रिकामं ठेवलं. एक दिवस आधी आठवण करू का, असंही विचारलं, तर म्हटलं असू दे. बायकोच्या हाती आपला फोन लागायचा नाही एवढी काळजी मात्र त्यांनी त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून घेतली.

मंगळवारी दुपारी अप्पा बुद्धिबळ खेळत होते. वजीर अडचणीत होता. तेवढ्यात टॅब किणकिणला आणि पटावर एक पट्टी उतरली, ‘उद्या: अप्पा – अंत्यविधी (अंदाजे). दिवसभर.’

अप्पांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पट्टीवर बोट ठेवताच जावयाचं अख्खं कॅलेंडर उघडलं. ते त्यांनी पुढचं मागचं सगळं सावकाश वाचलं. मग चष्मा काढून ठेवला आणि नर्सला म्हणाले, “जरा खिडकी उघडता का?”

बुधवारी सकाळी मॅडमनी जावईबापूंना जिन्यात पाहिलं.

“तुम्ही इथं कसे?”

“पुढं गेलं मॅडम.”

“तसं कळवायचं ना! आता कधी?”

“शुक्रवार धरू का?”

“धरा. पण एकदा काय ते पक्कं करा.”

शुक्रवार आला तोवर अप्पांनी वाटीभर सूप मागून घेऊन प्यायलं होतं आणि न्हाव्याची चौकशी केली होती. बायको कितीतरी दिवसांनी हसून हे सांगत होती. सासरे सुधारत असल्याचं ऐकून जावईबापूंच्या डोळ्यांपुढे आधी शुक्रवारचा चौकोन आला, आणि तो आल्याची मनापासून लाज वाटली. ऑफिसात जाऊन त्यांनी अंत्यविधी बोटाने उचलला आणि सोमवारी नेऊन ठेवला. सोमवारी मोजणी होती हे त्या गडबडीत त्यांच्या ध्यानातही आलं नाही. हॉस्पिटलात टॅबने प्रत्येक हालचाल इमानेइतबारे कळवली. ‘बदल: आता शुक्रवारी.’ ‘बदल: आता सोमवारी.’

कॅलेंडर सगळ्या विभागाला दिसायचं. बुधवारी अंत्यविधी, म्हणजे आता शुक्रवारी माणूस गेलेलाच असणार, असा लोकांनी सरळ हिशोब केला. शोकसंदेशाच्या मेलांची रीघ लागली. ‘आपले सासरे म्हणजे देवमाणूस,’ असं अकाउंट्सवाल्यांनी कळवलं, ज्यांनी अप्पांना जन्मात पाहिलं नव्हतं. मॅडमचा मेल थोडक्यात होता, ‘मृतात्म्यास शांती लाभो. सोमवारी मोजणीस हजर राहावे.’

मेलही जोडलेले होतेच. जावईबापू गोदामात गाद्या मोजत असताना हॉस्पिटलातून अप्पांनी शांतपणे ते सगळे वाचले. शिक्षकी पेशातल्या माणसाला आलेल्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस होतं. मॅडमनी जावईबापूंना आत बोलावून कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला.

“हे काय आहे? तुमच्या मेलवरून आलंय.”

जावईबापूंनी वाचलं. ‘आपला शोकसंदेश पोचला. आभारी आहे. मृतात्म्याला सध्या शांत वाटते आहे, फक्त गादी टोचते. जावई मोजणीस हजर राहतील.’

“मी नाही लिहिलं मॅडम.”

“मग काय मृतात्म्यानं लिहिलं?”

त्याच क्षणी त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढून पाहिला. ‘बदल: अप्पा – अंत्यविधी (अंदाजे). आता रविवारी.’ वाजला तेव्हा फोन खिशात होता आणि जावईबापूंचे दोन्ही हात बाहेर होते.

ते धावतच आयटीवाल्याकडे गेले. त्याने नेहमीच्या दुःखी चेहऱ्याने तपासलं. “कॉम्प्युटर, फोन आणि हा एक टॅब. बदल टॅबवरनं झालाय.”

“टॅबवर हे सगळं दिसत होतं?”

“पहिल्यापासून. तेच तर मागितलं होतंत ना तुम्ही?”

जावईबापू तसेच निघाले. हॉस्पिटलपर्यंत ते कसे पोचले ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. लिफ्ट बंद होती. व्हरांड्यात फिनेलचा वास होता, आणि बाकावर कोणाची तरी बायको मांडीवर फाइल घेऊन एकटीच बसली होती. ती दुसऱ्याची असूनही त्यांना तिच्याकडे बघवेना.

अप्पा उशीला टेकून बसले होते. “या जावईबापू. आज कसे? तुमच्या कॅलेंडरात तर आज काही दिसलं नाही.”

“अप्पा, मी…”

“बसा आधी. अहो, सोमवारी तुमची मोजणी, आणि तिथंच मला घातलंत? एका तासाला दोन वर्ग! म्हणून मी रविवारी घेतलं. रविवारी तुमचा तास मोकळा असतो. रजाही वाचेल.”

“अप्पा, ते फक्त रजेसाठी होतं हो. अंदाजे…”

“कंस वाचला मी. कंस घातलात ते बरं केलंत.”

जावईबापूंना रडावं की पाया पडावं ते समजेना. अप्पांनी टॅब मांडीवर ओढून घेतला.

“रागावलो नाही मी. इथं डॉक्टर मला सांगत नाहीत, मुलगी सांगत नाही. जो तो म्हणतो, छान दिसताय. खरं काय ते एकट्या तुमच्या कॅलेंडरानं सांगितलं. एकच गोष्ट लागली मनाला.”

“काय, अप्पा?”

“मागचं सगळं वर्ष पाहिलं मी. दाताचा डॉक्टर आहे. गाडीचं सर्व्हिसिंग आहे. तो गादीवाला तर दर आठवड्याला आहे. माझं नाव एकदाच आलंय, आणि तेही मेल्यावर.”

जावईबापूंनी मान खाली घातली. “यायचं मनात असायचं, अप्पा.”

“मनातलं इथं दिसत नाही,” अप्पा टॅबवर बोट आपटत म्हणाले. मग वर्गात एखादी शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, “हे ‘पुनरावृत्ती’ म्हणजे काय?”

“तेच पुन्हा. दर आठवड्याला.”

“म्हणजे गादीवाल्यासारखं.” त्यांनी बटण दाबलं. खिशातला फोन लगेच वाजला. “झालं. दर रविवारी, सकाळी दहा.”

“अप्पा, अंत्यविधी दर रविवारी? निदान नाव तरी बदलू या.”

“नाव राहू द्या. नुसतं ‘अप्पांना भेटणे’ लिहिलं तर तुम्ही याल, असं मला वाटत नाही.”

दुसऱ्याच दिवशी, रविवारी दहाला, जावईबापूंचा फोन आणि अप्पांचा टॅब एकदम वाजले. नेमकी बायको खाट नीट करत होती. तिने टॅब उचलून वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“हे काय आहे? हे आपण लिहिलंत?”

“मी टाकलंय ते,” अप्पा म्हणाले. “जावई वेळेवर यावेत म्हणून. आले की नाही?”

तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. नवरा खरोखरच आला होता, आणि वेळेवर. मग उशीचा अभ्रा बराच वेळ झटकत राहिली.

डॉक्टरांचा अंदाज चुकला. त्यांनी कंस घातला नव्हता, पण चुकला. आठवड्याचे महिने झाले. दर रविवारी दहाला अंत्यविधी वाजायचा आणि जावईबापू बिस्किटांचा पुडा घेऊन हजर व्हायचे. अप्पा त्यांना बुद्धिबळात हरवायचे, वर ‘डोकं गादीवाल्याकडे ठेवून आलात’ म्हणून बोलायचे. नाही म्हणायला एकदा जावईबापू जिंकले. त्या दिवशी अप्पा गप्प गप्प होते, आणि जावईबापूंना जिंकल्याचा आनंद झाला नाही.

अप्पा गेले ते एका मंगळवारी. सकाळी, झोपेत, कॅलेंडरच्या कोऱ्या चौकोनात. जावईबापू गोदामात होते. फोन वाजला, पण तो रिमाइंडर नव्हता.

“पण तुमचं तर रविवारी असतं ना?” मॅडमनी विचारलं.

“या वेळी मंगळवारी झालं.”

मॅडमनी सवयीने कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि कॉम्प्युटर बंद करून म्हणाल्या, “जा तुम्ही.”

बायको व्हरांड्यात त्याच बाकावर बसली होती. फाइल मांडीवर होती, आता तिचा काही उपयोग नव्हता. जावईबापू शेजारी जाऊन टेकले.

“आलास,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला घरात फोन वाजला. हॉस्पिटलातून परत आलेला टॅब बायकोने कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवला होता. तोही आतून वाजायला लागला. जावईबापूंनी घाईघाईने फोन उचलला आणि ‘काढून टाका’वर बोट ठेवलं.

फोनने विचारलं, ‘फक्त हा कार्यक्रम काढायचा, की यापुढचे सगळे?’

जावईबापू फोन हातात धरून उभेच राहिले. कपाटात टॅब किणकिणत होता.

“कसला रे आवाज?” बायकोने आतून विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी ‘फक्त हा’ दाबलं. कपाट गप्प झालं. “पुढच्या रविवारी पुन्हा आहे.”