आक्कांच्या दाताची कसोटी

जावयाचं वागणं आक्कांना पहिल्या दिवसापासून खटकत होतं. तसा माणूस वाईट नव्हता. पण हाती लागेल ते तपासून बघायची भारी खोड! वजनकाटे तपासायच्या खात्यात नोकरी, ती ऑफिसातच ठेवून यावी की नाही? छे! सासुरवाडीला आला की खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवून बघणार. अंडं पाण्यात सोडणार. मधात काडी बुडवून पेटवणार. कलिंगड तर असं वाजवणार, जसा काही डॉक्टर म्हाताऱ्याची छाती ठोकून बघतोय!

"एवढं सगळं तपासता," आक्का म्हणत, "मग आमची लेकच तेवढी न तपासता कशी नेलीत?"

"आई!" लेक स्वयंपाकघरातून ओरडे.

पण आक्कांचं बोलणं खोडून काढायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. कारण आक्कांच्या तोंडात, वरच्या बाजूला, डावीकडे सोन्याचा दात होता! आक्कांचे यजमान नळ दुरुस्तीचं काम करत. बायकोचा दात पडला तेव्हा त्यांनी हौसेनं हा बसवून आणला होता. तेव्हापासून आक्का हसायच्या त्या डावीकडून, आणि फोटोत मान वळवायच्या तीही त्याच बेतानं. भाजीवाल्याशी घासाघीस अडली की वरचा ओठ जरासा उचलायचा. लख्ख उजेड! भाजीवाला गप.

गप बसत नसे ती एकटी नणंद. तीही याच घरात राहायची, आणि भावाला लहानपणापासून ओळखून होती.

"वहिनी, दादाच्या पिशवीत नेहमी काय असायचं? पितळ! तो सोनं आणणार कुठून?"

"वन्सं, जळता तुम्ही. घरभर वास सुटलाय."

ही लढाई वर्षानुवर्षं चालली असती. पण एका रविवारी दुपारच्या जेवणात आक्कांनी पावाचा करपलेला कोपरा कचकन चावला, आणि दात निखळून ताटात पडला. टण्ण!

"ऐकलंत?" नणंद उडालीच. "पितळ वाजलं!"

खरं तर आक्कांनी दात उचलून कनवटीला लावायचा, विषय संपला असता. पण हार मानतील तर त्या आक्का कसल्या!

"तपासा!" त्या गरजल्या. दाताच्या फटीतून बारीक शीळ निघाली, तिकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं. "पितळ निघालं तर माझी खिडकीजवळची खुर्ची तुमची! सोनं निघालं तर जन्मात पुन्हा हे नाव काढायचं नाही!"

लेकीच्या हातातला डाव खाली पडला. ती खुर्ची म्हणजे घरातली गादी होती! तिच्यावरून एका डोळ्यानं रस्ता दिसे आणि दुसऱ्यानं स्वयंपाकघर. तिथे बसेल तिचंच घर.

जावई मात्र खुलला. आजवर या घरात त्याला कुणी आपण होऊन काही तपासायला दिलं नव्हतं! त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं. कुणाच्या खिशात लोहचुंबक असतं, तुम्हीच सांगा! दात चिकटला नाही.

"सोनं!" आक्का.

"पितळही चिकटत नाही, आई."

मग पाण्याचा पेला. दात तळाशी गेला.

"बुडालं! सोनंच!"

"आई, खडासुद्धा बुडतो."

"मग खड्यालाच सासू करायचं होतंत!"

तिसऱ्या खेपेला जावयानं वाटीत व्हिनेगर ओतलं आणि दात त्यात सोडला. "पितळ असेल तर रंग बदलेल. आता थोडं थांबायचं." म्हणून सगळे थांबले. थांबून कंटाळा आला, म्हणून नणंदेनं ताट पुढे ओढलं आणि काकडीच्या चकत्या खायला घेतल्या.

थोड्या वेळानं जावयानं विचारलं, "वाटी कुठाय?"

"कुठली? व्हिनेगरची?" लेक म्हणाली. "ती मी काकडीवर ओतली. मला वाटलं, त्यासाठीच काढलंय."

सगळ्यांच्या माना नणंदेकडे वळल्या. तिचा चावणारा जबडा जागच्या जागी थांबला.

"वन्सं, तोंड उघडा!"

"अं हं!"

"उघडा म्हणते! माझा दात गिळून पुरावा बुडवता होय?"

"मी कशाला गिळू? मला खुर्ची हवीय!"

मुद्दा बिनतोड होता. मग चौघंही काकडीवर तुटून पडले. एकेक चकती उलटीपालटी झाली, जणू चोरीचा माल शोधायला पोलीसच आलेत! अखेर ताटाच्या कडेला दात सापडला. त्याच्यावर एक हिरवा ठिपका होता.

"कळकलं!" नणंद.

"काकडीची साल आहे ती!" आक्का.

जावयानं ठिपका नखानं खरवडला, हुंगला, उजेडात धरला. पण साल की पितळ कळकल्याचा डाग, हे काही त्याला सांगता येईना.

"आता शेवटचा उपाय," तो गंभीरपणे म्हणाला. "खेळाडू पदक चावून बघतात ना? सोनं मऊ असतं. दाताची खूण उमटली तर सोनं."

"अहो, नको!" लेक कळवळली. "आईचा दात आहे तो!"

"धुतलाय मी."

आणि त्यानं सासूचा दात आपल्या पुढच्या दातांत धरला, डोळे मिटले आणि चावला.

कट्ट!

नणंदेचा चेहरा उजळला. जावयानं डोळे उघडले, ओंजळीत हळूच थुंकला, आणि चौघं वाकून बघू लागले. ओंजळीत दोन वस्तू होत्या. एक पिवळा दात, होता तसाच गुळगुळीत, खुणेचं नाव नाही. आणि शेजारी पांढरा, तिकोनी, जावयाच्या पुढच्या दाताचा तुकडा.

नणंद शांतपणे उठली. तिनं पदर सारखा केला, खिडकीपाशी गेली आणि खुर्चीवरची उशी झटकायला लागली.

तिनं उशी परत ठेवली, त्याच क्षणी आक्का खुर्चीवर येऊन बसल्या. वयाच्या मानानं भलत्याच चपळ. बसल्या बसल्या त्यांनी जावयाला जवळ बोलावून त्याच्या ओंजळीतला पिवळा दात उचलला, पदराला पुसला आणि कनवटीला लावला. मग तोंडावर हात धरून उभ्या असलेल्या जावयाकडे त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहिलं. त्यानं कलिंगडाकडे बघावं तसं.

"जावईबापू," आक्का म्हणाल्या, "सोनं माझं अस्सलच आहे. खोटे निघाले ते तुमचे दात!"