चार नंबरच्या खोलीतली दोरी

कर्णिककाका सहलीला निघाले की बॅगेत आधी स्क्रूड्रायव्हर टाकतात, मग बनियन. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत ते माझ्या शेजारी राहतात. सगळी नोकरी मोटारीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेली. आता रिटायर झालेत, पण तपासणी चालूच आहे. माझ्याकडे चहाला आले तरी आधी कपाची कड बोटानं चाचपतात. "लिहून घे," म्हणतात, "टवका उडालाय."

त्यांचा खरा राग समुद्रापलीकडे, फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या एका छोट्याशा हॉटेलवर. कित्येक वर्षं दर जूनमध्ये काका-काकू तिथल्या चार नंबरच्या खोलीत उतरायचे आणि परत आले की काका महिनाभर आमचं डोकं खायचे. नळ गळतो. पलंग कुरकुरतो. खिडकी लागत नाही. न्याहारीला नुसता पाव, तोही दगडासारखा. कपडे वाळत घालायला साधी दोरी नाही, ती काकूंना घरून न्यावी लागते! ही यादी मालकीणबाईंना दर वर्षी टपालानं जायची. "मग जाता कशाला?" असं मी विचारलं की चष्म्यावरून बघायचे. "सुधारतायत की नाही, ते कोण बघणार?"

काकू गेल्या आणि काकांचं जाणं थांबलं. यंदा मात्र एकदा दार वाजवून म्हणाले, "तुझ्या गाडीनं नेशील का रे? ती खोली तेवढी पुन्हा एकदा बघायचीय." काकांचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

बोटीवर स्वारी खुशीत होती. दुपारी पलंगावर आडवं झालं की दोरीवरच्या काकूंच्या पाचवारीचं पाणी कपाळावर कसं ठिबकायचं, हे मला तीनदा सांगून झालं.

हॉटेल पाहून मी तर खूश झालो. सगळं नवं कोरं! मालकीणबाईंनी काकांच्या पत्रांचा गठ्ठाच काढून दाखवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत अभिमानानं म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंत ते सगळं करून घेतलं."

चार नंबरमध्ये काकांनी नळ सोडला, बंद केला. थेंब पडला नाही. पलंगावर बसले, उठले, पुन्हा बसले. पलंग गप्प. खिडकी एका बोटानं लागली. बाथरूममध्ये कपडे सुकवायला चकचकीत गरम दांड्या.

मी वही काढली. "बोला काका, काय लिहू?"

"काही नको," काका म्हणाले. पलंगावर बसूनच राहिले. "मीच तक्रारी करकरून तिची खोली घालवली रे."

त्या यादीला मी इतकी वर्षं हसलो होतो, त्याची मला लाज वाटली. चहा सांगतो म्हणून खाली गेलो. परत येतो तर काका खुर्चीवर चढून खिडकीच्या चौकटीत हूक पिळत होते. खांद्यावर काकूंची पिवळी नायलॉनची दोरी.

"अहो काका, नवा रंग आहे!"

"करू दे त्यांना तक्रार. इतकी वर्षं मी केली."

दोरीचं दुसरं टोक त्यांनी कपाटाच्या मुठीला बांधलं. बनियन धुऊन अगदी कडेला वाळत घातलं. मीही माझा ओला टॉवेल घेऊन पुढे झालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"मधे नको टाकूस. तिथे तिची साडी असते."