कानाने बघणारे दत्तूभाऊ

आमचे शेजारी दत्तूभाऊ कुठल्याही वस्तूकडे आधी कान नेतात आणि मग डोळे. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा वाडीतली माणसं त्याचा रंग बघायला आली. भाऊंनी त्याच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या, मान तिरकी करून ऐकलं आणि "दोन वरसा," एवढंच बोलून चहा न घेता निघून गेले. फ्रिज दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बंद पडला. तेव्हापासून माझी बायको त्यांना घरातल्या कुठल्याच वस्तूजवळ एकटं सोडत नाही. एकदा माझ्या सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांनी मान तिरकी केली, तेव्हा तर तिने घाईघाईने विषय बदलून भाऊंना अंगणात नेलं.

भाऊंचं आयुष्य ट्रकच्या गॅरेजात गेलं. इंजिन उघडण्याआधीच ते रोग सांगायचे. "डोळ्यान नको, कानान बघ," हे त्यांचं पालुपद. कलिंगड, भिंत, पाण्याची टाकी, देवळाची घंटा, सगळं ते कानाने बघतात. पण त्यांचा खरा अधिकार नारळावर, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्राला नारळ वाहून झाला की नाक्यावर नारळ लढवतात. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. खेळ म्हणजे एवढाच. पण त्या एका ठोक्यासाठी चांगली शिकलेली माणसंही रस्त्यात उड्या मारतात.

भाऊ दोन्ही नारळांवर एकेक टिचकी मारायचे आणि ठोका पडायच्या आत एका नारळाकडे बोट दाखवून म्हणायचे, "गेला." तो जायचाच. स्वतः खेळले तर हरायचे नाहीत, आणि नुसते बघायला उभे राहिले तर दुसऱ्यांच्या खेळाचा विचका करायचे. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांना हात जोडले आणि रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीपाशी उभं राहायला सांगितलं. भाऊ बिचारे तिथे उभे राहिले. पण आवाज रस्ता ओलांडून जायचाच. त्यांची मान कुठे कलते हे बघायला लोक खेळाकडे पाठ करून टपरीकडे तोंड करू लागले. पुढे पुढे भाऊ येताना दिसले की हातातले नारळ पिशवीत जायचे.

त्यांच्याशी नारळ लढवणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे सुशीलाकाकी, त्यांची बायको. दर पौर्णिमेला सकाळी अंगणात दोघांचा सामना व्हायचा आणि दर वर्षी काकी जिंकायची. त्या घरचा नियम असा होता, की जिंकेल त्याने हरलेल्याच्या नारळाच्या वड्या करायच्या. आम्ही वर्षानुवर्षं भाऊंच्या पराभवाच्या वड्या खाल्ल्या आहेत, आणि त्या उत्तम असायच्या.

काकी जाऊन दोन वर्षं होत आली. पहिलं वर्ष सण नव्हतेच. यंदा श्रावण लागला तसे भाऊ बाजारातून नारळ आणून पडवीत मांडू लागले. एक, मग तीन, मग सात. लढवायचे कुणाशी, हे मी विचारलं नाही. कुणीच उरलं नव्हतं, ते मला दिसत होतं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. नारळातलं मला काही कळत नव्हतं. तरी म्हटलं, शिकून घ्यावं, म्हणजे निदान भाऊंसमोर उभं राहायला कुणीतरी होईल. रोज संध्याकाळी पडवीत बसून मी टिचक्या मारू लागलो. पंधरा दिवसांत करवंटी जाड की पातळ ते कळायला लागलं. आणि मग शेजारच्या दोघांनी गंमत म्हणून नारळ लढवले, तेव्हा मला ठोक्याआधीच कळलं कुठला जाणार. तो गेला. ते दोघं नाचले. मी नुसता उभा होतो. गेल्या वर्षी मी यांच्यापेक्षा उंच उडी मारली होती. शिकून मी काय कमावलं, हेच मला उमगेना.

भाऊंना विचारलं, एवढं सगळं कळल्यावर मजा जात नाही का? त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला.

"गाडी घाटात बंद पडनार हा मला कळायचा," ते म्हणाले. "सांगितला तर डायवर रागवायचा. नाय सांगितला तर माणसा अडकायची. आता ह्यात मजा खय ठेवू, तूच सांग."

हे उत्तर माझ्या प्रश्नाचं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. भाऊ धुतलेला सदरा घालून तयार होते. त्यांनी दोन नारळ आणले आणि एक माझ्या हातात दिला. सवयीने मी दोन्हींवर टिचकी मारली. माझा दगडासारखा टणक होता. त्यांचा बद्द वाजत होता. सातांतला सगळ्यात कच्चा नारळ त्यांनी स्वतःसाठी निवडला होता.

मी त्यांच्याकडे बघितलं आणि एकदम सगळ्या वड्या आठवल्या.

"भाऊ, काकीला पण असाच निवडून द्यायचात?"

त्यांनी मान खाली घातली. "ती टिचकी मारायची नाय. दिलेला घ्यायची," ते म्हणाले. "नारळ कुठचा फुटनार हा मला कळायचा. ती हसनार किती, हा कधी कळला नाय."

मी नारळ मुठीत धरला. भाऊंनी डोळे मिटून आपला बद्द नारळ वरून हाणला.

माझा फुटला. सरळ दोन भकलं झाली आणि पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. भाऊंचा जसाच्या तसा.

आम्ही दोघंही वेड्यासारखे बघत राहिलो. भाऊंनी माझी भकलं उचलून वाजवली. आपला नारळ वाजवला. पुन्हा वाजवला. मी म्हटलं, बोटांमधून निसटला असेल, कडेला लागला असेल. त्यांचं लक्षच नव्हतं. ते पायरीवर बसले.

"म्हंजे माझा चुकता," ते हळूच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "म्हंजे ती येखाद वर्षी खरीच जिंकली आसल, काय रे?"

याचं उत्तर कुठल्या टिचकीने कळणार होतं? मी "हो" म्हटलं. भाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा हसले.

जिंकले ते, म्हणून वड्या त्यांनाच करायच्या होत्या. साखर किती घालायची हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी खोवलं, भाऊंनी ढवळलं. कढईच्या कडेवर चमचा वाजवून ते मान तिरकी करायचे, पण कढईने काही सांगितलं नाही. वड्या पडल्याच नाहीत. शेवटी सगळं पातेल्यात काढून, चमचा घेऊन आम्ही घरोघर निघालो.

प्रत्येक दारात भाऊ आधी बातमी देत होते आणि मग चमचा पुढे करत होते. "यंदा माझा अंदाज चुकला," असं ते नातू पास झाल्यासारखं सांगत होते. सेक्रेटरींनी ते दोनदा सांगायला लावलं, मग आत जाऊन आपला नारळ घेऊन आले. भाऊंनी पातेलं माझ्या हातात दिलं आणि खांद्यावरच्या पिशवीतून आपला तो सकाळचा बद्द नारळ काढला. टिचकी मारायला बोट उचललं, क्षणभर थांबले, आणि बोट मिटून नारळ मुठीत धरला.

"हाणा," ते म्हणाले.