राठोड सरांचं ‘काहीतरी’शी वैर

राठोड सरांसमोर ‘काहीतरी’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. पोटात काहीतरी होतंय म्हणून सुटी मागणाऱ्या आमच्या कारकुनाला त्यांनी सगळ्या ऑफिसदेखत विचारलं, “काहीतरी म्हणजे काय? दुखते, का मुरडते, का धावा लागते?” बिचारा मान खाली घालून “जुलाब” म्हणाला, तेव्हा सरांनी लगेच सुटी दिली आणि वर आपल्या डब्यातलं ताकही दिलं.

दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात आम्ही दोघंच कंप्युटरवाले. ते मुख्य, मी त्यांच्या हाताखाली. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन नोंदवायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. त्यात बिघाड झाला तर पडद्यावर ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ असं येई. मला ते फार सभ्य वाटायचं. ऐन हंगामात काटा अडला, ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली, आणि पडदा आपला तेच सभ्य वाक्य म्हणत राहिला.

सर आले. म्हणाले, “काय बिघडलं ते त्याले माहीत आहे. तूच त्याचं तोंड दाबून ठेवलं.”

डेटाबेसच्या आमच्या भाषेत एसक्यूएलईआरआरएम नावाचं एक तयार फंक्शन असतं. चूक पकडली जाते त्या जागी त्याला बोलावलं की नेमकं काय बिघडलं ते वाक्य ते हातात देतं. सर त्याला लाडानं ‘एरेम’ म्हणत. माझं सभ्य वाक्य खोडून त्यांनी तिथे एरेम घातलं. पुढच्याच गाडीला पडदा बोलला : हा पावती क्रमांक आधी वापरलेला आहे. एवढंच होतं. क्रमांक पुढे सरकवला, रांग हलली. सर मात्र पडद्याकडे पाहत उभे. “कवाचा सांगून राह्यला होता बिचारा,” म्हणाले.

माणसांनीही असंच बोलावं, असा त्यांचा आग्रह. त्यापायी त्यांचं लग्न राहिलं. पुसदकडे मुलगी पाहायला गेले होते. मुलीची आधीची सोयरीक काही कारणानं मोडली, असं तिच्या मामांनी हळूच सांगितलं. सरांनी पोह्याची बशी खाली ठेवून विचारलं, “कोणत्या कारणानं?” पोहे तसेच राहिले. पुढे कुणी त्यांना मुलगी दाखवायच्या भानगडीत पडलं नाही. आई लहानपणीच गेलेली. बंजारा तांड्यावरच्या घरात ते आणि त्यांचे वडील, दोघंच.

त्या वडिलांना लकवा मारला. एक बाजू गेली, आणि जिभेवर भलतेच शब्द येऊ लागले. फायली द्यायला मी एकदा तांड्यावर गेले, तेव्हा म्हातारा खाटेवरून बैल, बैल असं ओरडत होता. शेजारची काकू म्हणाली, म्हातारा काहीही बरळते. सर तिच्यावर चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “बरळत नाही तो. सांगून राह्यला, आपल्याले समजत नाही.” मग त्यांनी तांब्या आणला आणि वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजलं. बैल म्हणजे पाणी, हे त्यांनी कितीतरी दिवस समोर एकेक वस्तू धरून शोधून काढलं होतं. छप्पर म्हणजे चादर. चिलीम म्हणजे अंग दुखतं. ऑफिसात सगळ्यांवर खेकसणारा हा माणूस खाटेपाशी मांडी घालून एका शब्दासाठी अर्धी दुपार बसायचा.

फाल्गुनात एका दुपारी काकूचा ऑफिसात फोन आला. मी सरांना माझ्या स्कूटीवर तांड्याला नेलं. म्हाताऱ्याची छाती घरघरत होती. ‘तू बस इथं,’ एवढंच म्हणून सर रिक्षा आणायला सडकेकडे पळाले. काकू दारात रडत होती. म्हाताऱ्यानं माझा हात धरला, डोळे उघडले आणि तो काही बोलला. मी वाकून ऐकलं. सर रिक्षा घेऊन आले तेव्हा हात माझ्या हातातच होता, पण घरघर थांबली होती.

त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. सुतक फिटल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा रिकाम्या खाटेशेजारी ते खालीच बसले होते. म्हणाले, “बा काय म्हणला?”

मला गोरबोली, त्यांची बंजारा बोली, येत नाही. ऐकलं होतं तसंच सांगितलं. “धोळो… लो… धोळो.”

धोळो म्हणजे पांढरा, ते म्हणाले; मधलं ‘लो’ त्यांनाही लागेना. पण कोणता पांढरा? एक पांढरा बैल होता खूप वर्षांपूर्वी, तो विकला. की पाणीच मागत होता? की अंगावरची चादर? आई गेली तेव्हा बा पांढऱ्या पागोट्यात होता, ते आठवलं असेल का? मग त्यांनी मान हलवली. नव्हतंच समजत.

काकूनं आतून जेवायला हाक मारली. ते उठले नाहीत.

“अजून एकदा म्हण,” म्हणाले. “त्यानं म्हटलं तसंच. हळू.”

मी म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.