भिवातात्यांची हैद्राबादी कोंबडी

भिवातात्या स्वतःच्याच घरात शिरताना दाराबाहेर तीनदा खाकरतात. का, तर आत चोर असला तर त्याला मागच्या दारानं निघून जायला वेळ मिळावा. "समोरासमोर गाठ पडली तर त्यो बी भ्यायचा आन् म्या बी," असं त्यांचं म्हणणं. हा माणूस तीस वर्षं धान्याच्या गोदामावर वॉचमन होता.

नळदुर्गात हायवेला माझं पंक्चरचं दुकान आणि दुकानामागं तात्यांचं घर. बायको मागंच वारली. एकुलती एक लेक छाया यंदाच्या उन्हाळ्यात कर्नाटकात, आळंदच्या पलीकडं दिली. आता घरात तात्या आणि परसात पाच गावठी कोंबड्या. तात्या पालीला भितात, गॅसला भितात, एसटीला तर फारच भितात. मोबाईल कानाला लावायचीही भीती, म्हणून त्यांचं सगळं बोलणं स्पीकरवर, गल्लीला ऐकू जाईल असं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "भरवसा न्हाय."

श्रावणात एका सकाळी हैद्राबादकडून आलेला कोंबड्यांचा ट्रक दुकानासमोरच्या खड्ड्यात आदळला आणि तसाच पुढं गेला. मागं रस्त्यावर एक पांढरी कोंबडी उरली. ढाब्यावरचे दोघं तिच्याकडं भुकेल्या नजरेनं बघायला लागले, तसे तात्या हायवेवर धावले. तिला उपरण्यात गुंडाळून आणलं, आणि मग आपण काय केलं हे कळून दाराला आतून कडी घातली.

ट्रकवाला परत येईल, ही पहिली भीती. तिला रोग असेल, ही दुसरी. त्यापायी कोंबडी आठ दिवस न्हाणीघरात राहिली आणि तात्यांनी अंघोळी उघड्यावर उरकल्या. पण खरी धास्ती होती ती घरच्या कोंबड्यांची. त्यातली तांबडी मोठी खाष्ट. परकी कोंबडी दिसली की या टोचून टोचून रक्त काढतात, कधी जीवही घेतात.

"ही हैद्राबादची," तात्या मला हळूच म्हणाले. "आपल्या कोंबड्यांची बोली हिला कळंल का?"

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

नवव्या दिवशी तिला परसात बांबूच्या डालग्याखाली ठेवली, म्हणजे बाकीच्यांनी आधी नुसतं बघून घ्यावं. तांबडी डालग्याभोवती फिरायची आणि फटीतून चोच घालायची. तात्या काठी घेऊन शेजारी बसलेले. जेवणही तिथंच. संध्याकाळी छायाचा फोन आला की पाऊस झाला का, जेवलीस का, एवढं विचारत आणि पुढचं काही तोंडाशी आलं की घाईनं फोन ठेवत. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं चित्त कोंबडीत अडकलंय.

पाच दिवसांनी डालगं उचलायचं ठरलं. तात्यांनी मला बोलावून उचलायला सांगितलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी उचललं. पांढरी दोन पावलं बाहेर आली. तांबडी धावत आली आणि तिच्या मानेवर चोच हाणली. पांढरी ओरडून मागं सरली. पण ती पळाली नाही. थोड्या वेळानं दोघी एकाच उकिरड्यावर पाय मारत होत्या.

"टोचलं का?" तात्यांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

"एकदाच, तात्या. आता एका जागी खातायत."

तेव्हा कुठं ते वळले. खिशातून मोबाईल काढला आणि छायाला लावला. त्यांनी आपणहून तिला फोन केलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बाळा," ते म्हणाले, "तुला टोचत्यात का गं तिकडं?"

फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता. मग छायाचा आवाज आला. "पैल्यांदा लई टोचायचे, आबा. मला त्येंचं बोलणं बी कळत नव्हतं. आता न्हाय टोचत."

तात्यांनी फोन ठेवला. उपरण्यानं तोंड पुसलं. "न्हाय म्हणती," मला म्हणाले, आणि जरा वेळानं, "भरवसा न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन स्टँडवर गेले. कोंबड्या माझ्या हवाली केल्या होत्या, हातात पिशवी होती. ट्रकवाल्यांमुळं मला थोडं कानडी येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"'म्या तिचा बाप हाय' हे कानडीत कसं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"नानु अवळ अप्पा," मी सांगितलं.

एसटी येईपर्यंत तात्या डोळे मिटून तेच घोकत होते.