सासूबाईंनी आत घेतलेला झगा

"तीनच दिवस तर राहणार आहेत आई. त्यांना मागमूसही लागणार नाही, तू निर्धास्त राहा!" कवळीमास्तरांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. त्यांचं कवळ्या बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवायचे आणि मास्तर मेण, प्लास्टर आणि कोरणी घेऊन असे दात बसवायचे की म्हातारी माणसं आरशासमोरून हलायची नाहीत. हात असा बारीक, म्हणून सगळे मास्तर म्हणत. आता मागमूस लागू द्यायचा नव्हता तो कशाचा? तर हे मास्तर दर गुरुवारी संध्याकाळी काळा मखमली झगा घालून, कमरेपर्यंत केसांचा विग चढवून, ओठ लालभडक रंगवून इलेक्ट्रिक गिटार वाजवत. तीही हळुवार वगैरे नाही. मेटल! खिडकीच्या काचा थरथरल्या नाहीत तर वाजवल्यासारखं त्यांना वाटायचंच नाही.

का? अहो, आवडतं म्हणून. पँट-शर्टात बोटं मोजूनमापून चालायची आणि झगा अंगात गेला की सुसाट सुटायची. असं का होतं याचं खुद्द मास्तरांनाही कुतूहल होतं, पण उत्तर शोधत बसण्यापेक्षा ते वाजवत बसत. बायकोला त्यांनी लग्नाआधीच सगळं सांगून टाकलं होतं. तिने तासभर विचार केला आणि एकच अट घातली, माझी लिपस्टिक वापरायची नाही.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. तीन जावयांत त्यांना मनापासून पसंत होता तो हा एकच. "जावई असावा तर असा. शांत, नीटनेटका, घरात आवाज म्हणून नाही," असं त्या गणगोतात सांगत फिरायच्या. मास्तरांची स्वतःची आई लवकर गेलेली. सासूबाईंनी फोनवर नुसतं "जेवलात का" विचारलं तरी त्यांना भरून यायचं. त्या माउलीच्या नजरेतून उतरायची त्यांना खरोखरच भीती वाटायची. आणि ती यायची होती शुक्रवारी, तर रविवारी दुपारी चार वाजता मास्तरांच्या आयुष्यातला पहिला जाहीर कार्यक्रम!

कार्यक्रम दोघांचा होता. दुसऱ्याचं नाव क्लच. हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा आणि दिवसभर "क्लच दाबा, क्लच दाबा" ओरडायचा, त्यावरून हे नाव पडलं. सहा वर्षांपूर्वी त्याचा पुढचा दात तुटला, तेव्हा दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांनी त्याला मास्तरांकडे धाडलं होतं. मास्तर दात सोडून त्याचे हातच बघत बसले. डाव्या हाताची नखं मुळापासून कापलेली, बोटांची टोकं घट्टे पडून कडक. उजव्या हाताची नखं लांब आणि त्यांच्या कडेला जांभळ्या नेलपॉलिशची पुसट रेघ.

"गिटार?" मास्तरांनी विचारलं. क्लचने मान हलवली.

"मेटल?" पुन्हा मान हलली.

मग मास्तरांनी आवाज खाली आणला. "उंच टाचांच्या बुटांवरून पडलात का?"

क्लचच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवसापासून दोघांचं जे जमलं ते जमलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गॅरेजमध्ये दर गुरुवारी तालीम सुरू झाली आणि जोडीचं नाव ठरलं 'काळ्या राण्या'. हात बघून माणूस ओळखणारा मी, मला कोण ओळखणार, अशी मास्तरांची तेव्हापासून ऐट होती.

तर आता बेत असा. गिटार क्लचकडे. विग वर्कशॉपमध्ये, प्लास्टरच्या रिकाम्या डब्यात. आणि झगा सरळ बायकोच्या कपाटात, तिच्या कपड्यांच्या ओळीत! बाईच्या कपाटात बाईचा झगा, संशय घ्यायला जागाच नाही. मास्तर आपल्या डोक्यावर बेहद्द खूश होते.

"आई चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय," बायको म्हणाली. "आणि तुम्ही तिच्यापासून झगा लपवताय तो कपाटात?"

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं.

शुक्रवारी सासूबाई आल्या. गळ्यात मापाची पट्टी आणि एका हातात छोटं हातमशीन, कारण कुठेही गेलं तरी त्यांना टाके घालायला काहीतरी लागायचंच. पाणी पिता पिता त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गेली.

"जावईबापू, हे दर गुरुवारी लाल गोल कसले?"

मास्तरांनी घाईघाईने बायकोकडे बोट केलं. "ते हिचे. हिच्या क्लासचे."

"कसला क्लास?"

ड्रायव्हिंग स्कूलचं गॅरेज डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "गाडी शिकतेय ती."

आता सासूबाईंना तासाभरापूर्वी स्टेशनवरून गाडीत घालून आणलं होतं कोणी? बायकोनेच! बारा वर्षं गाडी चालवतेय ती.  सासूबाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं आणि पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.  

शनिवारी मास्तर वर्कशॉपला, बायको ऑफिसला आणि घरात सासूबाई एकट्या. संध्याकाळी मास्तर परतले तर सासूबाई खुशीत होत्या, आणि झगा कपाटात कडक इस्त्री होऊन लटकत होता. बायकोने केली असेल, किती गुणाची, असं म्हणून मास्तर विरघळले. रात्री जेवताना सासूबाईंनी लेकीचा डावा खांदा दाबून पाहिला, दुखतो का म्हणून विचारलं. मास्तरांना वाटलं, आईची माया.

रविवारी दोन वाजता त्यांनी झगा पिशवीत घातला आणि एक कवळी अर्जंट आली आहे अशी थाप मारून ते घराबाहेर पडले. बायकोने आईला घरी गुंतवून ठेवायचं ठरलं होतं.

टायरच्या दुकानावरचा हॉल तासाभरात भरला. आतल्या खोलीत क्लच लाल झग्यात तयार बसला होता. मास्तरांनी झगा चढवला, हात वर केले आणि म्हणाले, "लाव चेन."

चेन कमरेपर्यंत आली आणि थांबली.

"पोट आत घे," क्लच म्हणाला.

"घेतलंय."

"मग पोटातलं बाहेर काढ. अरे, गुरुवारी बसत होता ना हा? तीन दिवसांत एवढं काय खाल्लंस?"

मास्तरांना सासूबाईंचा आग्रह आठवला. दुसऱ्यांदा वाढलेलं आठवलं, तिसऱ्यांदा वाढलेलंही आठवलं. आपण खादाड आहोत याची त्यांना मनापासून लाज वाटली. अखेर क्लचने स्वतःच्या बुटांच्या नाड्या काढून झग्याची पाठ कशीबशी आवळली, वरून विगचे केस सोडले आणि बजावलं की काही झालं तरी लोकांकडे पाठ करायची नाही, आणि श्वास जपून घ्यायचा. एवढ्या गडबडीत पिशवीतला फोन बावीस वेळा थरथरला, तो ऐकायला कोणाला सवड होती!

चार वाजले, दिवे लागले, दोघांनी पहिला फटकारा मारला आणि हॉल हादरला. मास्तरांची बोटं सुटली. सहा वर्षं गॅरेजमध्ये कोंडलेलं सगळं तारांतून धो धो बाहेर पडायला लागलं, आणि मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा समोर पहिल्या रांगेत सासूबाई बसलेल्या.

गळ्यात पट्टी, कानांत कापूस. शेजारी बायको, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

मास्तरांनी दचकून मोठ्ठा श्वास घेतला. तिथेच चुकलं. नाड्यांनी तग धरला, पण झग्याची बाजू काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटली!

गिटार सोडावी तर सोलो जातो आणि झगा सोडावा तर अब्रू जाते. मास्तरांनी जिवाच्या आकांताने क्लचकडे पाहिलं. क्लच खरा दोस्त. वाजवता वाजवता तो सरकत आला, मास्तरांच्या फाटलेल्या बाजूला आपली पाठ चिकटवली आणि ती झाकून टाकली. मग ते गाणं दोघांनी तसंच चिकटून, खेकड्यासारखं आडवं चालत पुरं केलं. मास्तर डावीकडे सरकले की क्लच डावीकडे, क्लच अडखळला की मास्तर अडखळले. लोकांना वाटलं, काय तालीम केलीय! टाळ्यांनी हॉल दणाणला, शिट्ट्या पडल्या. मास्तर मात्र सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

मध्यंतर झालं. आतल्या खोलीत मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दार उघडून सासूबाई आत आल्या, मागोमाग बायको. मास्तरांना वाटलं, संपलं. शांत, नीटनेटका, आवाज म्हणून नाही, यातलं आता एकही उरलं नव्हतं.

"आई," ते कसंबसं म्हणाले, "मी तुम्हाला सांगणार होतो..."

"वळा," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर वळले. सासूबाईंनी चष्मा लावून फाटलेली बाजू बोटांनी चाचपली आणि समाधानाने मान हलवली.

"माझी टीप उसवलेली नाही. कापड फाटलंय."

"तुमची टीप?"

मग सगळा उलगडा झाला. शनिवारी सासूबाईंनी कपाट उघडलं आणि चाळीस वर्षांच्या नजरेला झगा लगेच बोलला. डाव्या खांद्यावर मखमल पट्ट्याने झिजलेली, पोटाशी काहीतरी टणक घासून लव गेलेली, आतल्या खिशात तारा छेडायचं प्लास्टिकचं तिकोनी पान आणि 'काळ्या राण्या' असं छापलेला कार्यक्रमाचा कागद. झगा लेकीच्या कपाटात, गुरुवार लेकीचे, आणि जावई लेकीसाठी धडधडीत खोटं बोलतोय. म्हणजे लेक चोरून गिटार वाजवते! फक्त झगा तिला भलताच ढगळ होत असणार. तेव्हा सासूबाईंनी तो दोन्ही बाजूंनी मिळून चांगला आठ इंच आत घेतला, कार्यक्रमात लेक शोभून दिसावी म्हणून. रविवारी जावई झगा घेऊन निघाले तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या, "सामान पुढे गेलं, आता तू कधी निघणार?" नवऱ्याचं गुपित आपण कसं फोडावं, म्हणून बायको नुसती फोन लावत राहिली, आणि सासूबाई कागदावरचा पत्ता बघून तिलाच हॉलवर घेऊन आल्या.

मास्तरांनी मान खाली घातली. "आई, तुम्हाला राग आला असेल."

"आलाय," सासूबाई म्हणाल्या. "माप न देता कपडा घालून चारचौघांत उभं राहतात का? छाती बघा किती, कंबर बघा किती. दुकानातून तयार आणला ना?"

मास्तरांनी कबूल केलं. सासूबाईंनी पर्समधून पिनांचा डबा काढला आणि चौदा पिना लावून त्यांना झग्यात बसवलं. मग क्लचला पण वळायला सांगितलं आणि त्याच्या खालच्या शिवणीला नावं ठेवली. "वाजवता छान," दारातून जाता जाता त्या म्हणाल्या. "कापूस असूनही ऐकू येत होतं." मास्तरांचे डोळे भरून आले आणि काजळ गालांवर उतरलं. उरलेला कार्यक्रम त्यांनी तसाच वाजवला, आणि असा वाजवला की खालच्या टायरवाल्याने तक्रारीऐवजी दाद दिली.

घरी जाताना गाडी बायको चालवत होती. मास्तर मागे, सासूबाई पुढे.  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सासूबाईंनी लेकीचा डावा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. बोटं मऊसूत होती.

"म्हणजे हिला काहीच वाजवता येत नाही?" त्यांनी विचारलं. आवाजात एवढी निराशा मास्तरांनी आजवर ऐकली नव्हती.

"नाही गं आई," बायको म्हणाली.

"मी दोन्ही मावश्यांना फोन करून बसलेय. पुढच्या रविवारी येतायत त्या दोघी, हिचं ऐकायला." सासूबाईंनी मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. "जावईबापू, सात दिवस आहेत. एखादं गाणं बसवा हिच्याकडून. फाटलेलं मी जोडते. झगा तर हिच्या मापाचा झालेलाच आहे."