तोंडाच्या वाफेचा सिद्धांत

माझ्या मार्गदर्शक बाईंच्या बोलण्यामुळे रसायनशास्त्राचं नुकसान होतं. त्यांचं बोलणं सहन तर सगळेच करतात. मी त्याचा आलेख काढला.

आधी काम काय ते सांगतो. एक काचेची पट्टी असते. तिच्यावर सिलिका नावाच्या पांढऱ्या पावडरीचा पातळ थर. पट्टी भट्टीत सुकवायची, बाहेर काढून खालच्या कडेजवळ मिश्रणाचा थेंब ठेवायचा आणि तळाला जरासा द्रावक घातलेल्या काचेच्या डब्यात ती उभी करायची. द्रावक थरातून वर चढतो आणि मिश्रणातल्या रंगांना सोबत नेतो. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत नातेवाईक जिने चढतात, तसंच. सडपातळ भाचा थेट गच्चीवर, काका मधल्याच मजल्यावर धापा टाकत, आणि मावशी पहिल्या जिन्यावर कठडा धरून, "तुम्ही व्हा पुढे." कोण कुठे थांबलं यावरून कोण कोण होतं ते ओळखायचं. एवढंच. यात माझी उमेदीची वर्षं गेली.

माझ्या मिश्रणात एक पिवळा रंग होता आणि एक लाल. त्यांना हमखास वेगळं करायची पद्धत, हा माझा प्रबंध. अडचण अशी की थर तोच, द्रावक तोच, थेंब तोच, तरी ठिपके आज वर तर उद्या खाली. दुसरा एखादा रडला असता. मी निरीक्षण केलं. बाई जितक्या जास्त बोलतात, तितके ठिपके वर चढतात.

याला कारणही आहे. सुकवलेली सिलिका हवेतली ओल पिते. ओल प्यायली की तिची रंगांवरची पकड सुटते आणि रंग वर पळतात. आता ओल कुठून येते? आमच्या खोलीत तरी एकच उगम होता, आणि तो दारात उभा राहून बोलत असे.

"थेंब मोठा पडतोय," बाई दारातून म्हणायच्या.

मी पट्टीला नाक लावून थेंब ठेवत असायचो. मान वर न करता तिथूनच उत्तर द्यायचो. "बाई, तुम्ही लांबून बघताय, म्हणून मोठा दिसतोय."

"लांबचं लहान दिसतं रे."

"मग तर तो आहे त्याहून लहान दिसायला हवा. म्हणजे चूक तुमच्या चष्म्याची. शिवाय गेल्या खेपेला तुम्हीच म्हणालात की थेंब फार लहान पडतो, त्याच्या आधी म्हणालात की..."

"उगाच तोंडाची वाफ दवडू नकोस. काम कर."

वाफ. शब्द त्यांचाच. मी त्याला फक्त शास्त्रीय रूप दिलं.

बाईंचं बोलणं आडव्या अक्षावर, ठिपक्यांची उंची उभ्या अक्षावर. रेषा इतकी सरळ आली की पट्टी ठेवून आखल्यासारखी वाटावी. फक्त तुलनेसाठी बाई गप्प असलेला एक दिवस हवा होता. तो मिळाला नाही. परगावी गेल्या तर फोन करायच्या. मी फोन स्पीकरवर टाकून पट्टीशेजारी ठेवायचो आणि काम करता करता वाद घालायचो. ठिपके तेव्हाही चढायचे. फोनमधून वाफ येते का, हा प्रश्न मी पुढच्या संशोधकांसाठी मोकळा सोडला. सगळं आपणच करायचं तर बाकीच्यांनी काय करायचं?

प्रबंधाचं चौथं प्रकरण मी बाईंच्या टेबलावर ठेवलं. 'मार्गदर्शकाच्या बोलण्याचा ठिपक्यांच्या चढणीवर होणारा परिणाम.' बाईंनी ते शांतपणे वाचलं. ही शांतता मला आधी मिळाली असती तर तुलनेसाठी वापरता आली असती.

"परीक्षकांसमोर करून दाखवशील?" त्यांनी विचारलं.

"दाखवीन."

"मी त्या दिवशी तोंड उघडणार नाही. मग बघू, तुझे ठिपके काय दिवे लावतात."

"दोन्ही रंग छान वेगळे होतील, बाई. तुमच्या व्यत्ययाशिवाय."

आता माघार नव्हती. मुदतवाढ संपत आली होती आणि पद्धत परीक्षकांसमोर चालली नाही तर प्रबंध परत येणार होता. तिकडे आईने नातेवाइकांत मला आधीच डॉक्टर करून टाकलं होतं. आत्या फोनवर गुडघेदुखीचं सांगायची, मी तिला चालायला सांगायचो, आणि तिला खरंच बरं वाटत होतं. फक्त पदवीच काय ती यायची राहिली होती.

परीक्षक आले. बारीक चणीचा माणूस, डोळे मात्र भिंगासारखे. बाई नेहमीप्रमाणे दारात उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून. मी जाहीर केलं, "प्रयोग संपेपर्यंत खोलीत कुणी बोलणार नाही." शिस्त म्हणजे शिस्त, म्हणून मीही तोंड मिटलं. भट्टीतून पट्टी काढली, वाकलो, थेंब ठेवला, पट्टी डब्यात उभी केली, झाकण लावलं.

द्रावक वर चढला. रंग चढले नाहीत. दोघं तळाशी एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले, नारिंगी होऊन. सगळं कुटुंबच पहिल्या जिन्यावर.

"हा एकच ठिपका आहे," परीक्षक म्हणाले.

"वरवर पाहता," मी म्हणालो.

पण माझं डोकं विजेसारखं चाललं. पद्धत मी बाईंच्या बडबडीत बसवली होती, म्हणजे ती चालायला बाईंची वाफच हवी! मी दुसरी पट्टी काढली. "बाई, बोला."

बाईंनी मान हलवली. नाही.

"बाई, शास्त्रासाठी."

नाही.

मग त्यांना चिडवण्यावाचून इलाज नव्हता. मी पट्टीवर वाकलो, थेंब ठेवायला घेतला आणि सुरुवात केली. म्हटलं, बाई, तुमचा स्वतःचा प्रबंध मी वाचलाय, त्यातला पहिलाच ठिपका वाकडा आहे. तुमचा चष्मा पुसायचा झालाय. तुम्ही माझं पहिलं प्रकरण इतक्या वेळा परत पाठवलंत की त्याला घरचा रस्ता पाठ झालाय. मी साठलेलं सगळं काढलं. मध्ये थेंब चुकला, तो पुसून परत ठेवला, बोलणं थांबवलं नाही. बाई हूं की चूं करेनात. मी हताश होऊन पट्टी डब्यात सोडली.

आणि ठिपके निघाले. पिवळा वर, लाल मधोमध, दोघांमध्ये एक कुटुंब राहील एवढी जागा. माझ्या आयुष्यातली सर्वांत देखणी पट्टी.

"बघा सर," मी म्हणालो. "सिद्ध झालं."

"काय सिद्ध झालं? बाई तर गप्प होत्या."

"त्यांचा राग..."

"रागाला वाफ नसते. बाई दारात, पट्टी इथे." परीक्षकांनी टेबलाकडे बोट केलं. "पट्टीवर वाकून बोलत कोण होतं?"

मी खोलीत आणखी कुणी आहे का ते पाहिलं. नव्हतं.

"बाई जास्त बोलल्या की तुम्ही जास्त उलट उत्तरं देत असाल," ते म्हणाले. "म्हणून तुमची रेषा सरळ. प्रबंध मंजूर आहे. चौथं प्रकरण तर उत्तमच आहे. फक्त जिथे जिथे 'मार्गदर्शक' लिहिलंय तिथे 'संशोधक' करा. आणि संशोधकाने पट्टीवर किती वेळ तक्रार करायची, तेही लिहा. बाकीच्यांना लागेल."

मी हार मानलेली नाही. सिद्धांत माझाच आणि तो बरोबरच ठरला, फक्त माणूस बदलला. रसायनशास्त्रात माणूस गौण असतो. हे मी परीक्षकांना सांगितलं, ते निघाल्यावर जिन्यापर्यंत जाऊन सांगितलं, आणि परत येऊन बाईंनाही सांगितलं.

"तुम्हीच सांगा बाई, माझं काही चुकलं का?"

बाईंनी पर्स खांद्याला लावली, दिवा बंद केला आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या.

"मी काही बोलले?"